पाय झिरोचा कीबोर्ड करायला बसण्याआधी

रास्पबेरी पाय झिरो हा छोटा कॉम्प्युटर यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून त्याला कीबोर्डसारखं वागायला लावायचं, त्याची ही तयारी. सगळ्यात आधी केबल. जुना मोबाइल चार्ज करायची जी मायक्रो यूएसबी केबल घरात पडलेली असते, तिच्यात डेटाच्या तारा असतीलच असं नाही. तिने एखादा फोन जोडा, आतले फोटो कॉम्प्युटरवर दिसले तरच ती कामाची. माझी अख्खी संध्याकाळ कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) लॉग चाळण्यात गेली होती आणि दोष निघाला केबलचा.

मग बोर्ड. साध्या डेस्कटॉपची यूएसबी पोर्ट्स होस्ट म्हणूनच, म्हणजे कीबोर्डसारखी उपकरणं जोडून घेणाऱ्या बाजूने, वागतात, त्यामुळे त्यावर हे जमत नाही. आपल्याला डिव्हाइसच्या, म्हणजे जोडल्या जाणाऱ्या उपकरणाच्या, बाजूचा कंट्रोलर हवा, लिनक्समध्ये त्याला यूडीसी म्हणतात. रास्पबेरी पाय झिरो, झिरो डब्ल्यू आणि झिरो २ डब्ल्यूमध्ये तो आहे. पाय ४ मध्येही आहे, पण पॉवरच्या यूएसबी-सी पोर्टवर. झिरोवर दोन पोर्ट शेजारी असतात. कडेच्या 'पीडब्ल्यूआर इन'मधून फक्त वीज येते, म्हणून केबल 'यूएसबी' लिहिलेल्यात घाला. वीजही तिथूनच मिळते.

डेटाचं ते एकमेव पोर्ट आता अडकणार, म्हणून वाय-फाय आणि एसएसएच (नेटवर्कवरून पायवर लॉगिन करायची सोय) आधीच चालू करून ठेवा. वाय-फाय नसलेला झिरो असेल तर सीरियल केबल हाताशी हवी.

मेमरी कार्डवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीडब्ल्यूसी२ चा, म्हणजे या कंट्रोलरच्या ड्रायव्हरचा, ओव्हरले (तो चालू करणारी ओळ) टाका, रीबूट करा आणि लिबकंपोझिट मोड्यूल लोड करा. आता सिस फोल्डरातल्या 'क्लास', त्यातल्या 'यूडीसी'त डोकवा. तिथे कंट्रोलरचं नाव दिसायलाच हवं. फोल्डर रिकामं असेल तर पुढे एक पाऊलही टाकू नका, ओव्हरलेची ओळ परत तपासा.

पुढचं सगळं कॉन्फिगएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग्ज फोल्डरांच्या रूपात असतात ती जागा) फोल्डर बनवून होतं: गॅजेट (होस्टला दिसणारं आपलं उपकरण), त्यात एचआयडी (कीबोर्ड-माऊसचा प्रकार) फंक्शन, मग कॉन्फिगरेशन आणि दोघांना जोडणारी लिंक. गॅजेटच्या 'यूडीसी' फाइलीत कंट्रोलरचं नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, कारण त्याच क्षणी होस्टला डिव्हाइस दिसतं. हे हाताने टाइप करत बसू नका, स्क्रिप्ट लिहा. हे सगळं मोडायची स्क्रिप्टही आत्ताच लिहून ठेवा. इथे आरएम (फाइली उडवायची कमांड) चालवून सगळं एकदम उडवता येत नाही. आधी ती यूडीसी फाइल रिकामी करायची, मग लिंक काढायची, मग आतून बाहेर एकेक फोल्डर.

कोणत्या कळा दाबल्या ते होस्टला सांगणारा रिपोर्ट ८ बाइटचा ठेवा. पहिला बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळांचा, दुसरा शून्य, उरलेले ६ दाबलेल्या कळांचे. 'ए'ची कळ म्हणजे ४. ती पाठवल्यावर लगेच आठ शून्यं पाठवायची, नाहीतर कळ दाबलेलीच राहते आणि होस्टच्या पडद्यावर 'ए'ची रांग लागते.

देवनागरी लिहायची असेल तर होस्टचा लेआउट आधी बघून घ्या. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कळेचा नंबर पाठवतो. १४ नंबर पाठवला की इंग्रजी लेआउटवर 'के' उमटतो, इन्स्क्रिप्ट या देवनागरी लेआउटवर 'क'.