आधी ऑक्सिजन, मग पासपोर्ट : जीवघेण्या साथीत परदेशी रुग्ण कसा घ्यावा

परदेशी रुग्ण म्हटलं की डोळ्यांपुढे वेरूळला कॅमेरा लटकवून फिरणारा गोरा पर्यटक येतो. मराठवाड्यातल्या कॅज्युअल्टीत येतो तो बहुतेक वेळा वेगळाच असतो. चायनीजच्या गाड्यावरचा नेपाळी पोरगा, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पीएच.डी. करणारा येमेनचा विद्यार्थी, नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडाहून आलेली आजी. साथ सुरू झाली की याच लोकांवरून कुरबुर सुरू होते : आपल्या माणसांना खाट मिळेना, यांना कशाला? याचं उत्तर साथ येण्याआधी लेखी ठरवून ठेवा. नाहीतर रात्री दोनला केसपेपरच्या खिडकीवर बसलेला माणूस ते आपल्या मनानं ठरवतो.

प्रश्न दोन आहेत आणि ते एकात मिसळले की गोंधळ होतो. इथे आजारी पडलेल्या परदेशी माणसाचं काय करायचं, हा एक. दुसऱ्या देशातून विमानाने आणायच्या रुग्णाचं काय, हा दुसरा. दुसरा निर्णय केंद्र सरकारचा. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतले इबोलाचे रुग्ण आणि २०२० मध्ये इटली-फ्रान्सचे कोविडचे रुग्ण जर्मनीने आपल्याकडे नेले, ते त्या देशांच्या परस्पर ठरावाने. जिल्ह्याच्या दवाखान्याला असा फोन आला तर लेखी आदेश मागावा, आणि विलगीकरणाची रिकामी खोली व पुढे सांगितलेलं पाणी हाती असल्याशिवाय हो म्हणू नये.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठरलेलं आहे : घ्यायचं. घटनेचं कलम २१ ‘व्यक्ती’ला संरक्षण देतं, फक्त नागरिकाला नाही. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार, कागद नंतर, हे त्याच न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब तोच निघतो. रुग्णाला दारातून परत पाठवलं म्हणून जंतू गाव सोडून जात नाही. तो रिक्षात, भाड्याच्या खोलीत, खानावळीत बसतो. सप्टेंबर २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाहून अमेरिकेतल्या डलासला आलेल्या, इबोला झालेल्या माणसाने आपण आफ्रिकेतून आल्याचं नर्सला सांगितलं होतं, तरी त्याला अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं. दोन दिवसांनी तो अँब्युलन्समधून परत आला, ८ ऑक्टोबरला वारला, आणि त्याची सेवा करणाऱ्या दोन नर्सना लागण झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये लायबेरियाचाच एक रुग्ण लागोसला उतरला. डॉ. अमेयो अदादेवो यांनी दबाव आला तरी त्याला दवाखाना सोडू दिला नाही. सुमारे ९०० संपर्क शोधून नायजेरियाने साथ २० रुग्ण आणि ८ मृत्यूंवर थांबवली. त्या आठांत डॉ. अदादेवोही होत्या.

खिडकीवर

‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न चुकीचा. ‘गेल्या २१ दिवसांत कुठे कुठे होता?’ हा बरोबर, आणि तो प्रत्येकाला विचारायचा. दुबईहून परतलेला बीडचा गवंडी आणि पाच वर्षं इथेच राहणारा सुदानी विद्यार्थी यांत धोका कोणाकडून जास्त, हे पासपोर्टच्या रंगावरून कळत नाही. २१ दिवस हा इबोलाच्या अधिशयन काळाचा, म्हणजे लागण होण्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाचा, वरचा आकडा आहे. निपाहमध्ये लक्षणं बहुधा ४ ते १४ दिवसांत दिसतात. साथ वेगळी असेल तर आकडा बदलून पाटीवर लिहा.

क्रम असा : मास्क लावा, वेगळ्या खोलीत न्या, श्वास-नाडी-बीपी-ऑक्सिजन बघा, लागेल ते सुरू करा. मग नाव. मग कागद. पोलिसांना कळवायचं असतंच, पण शिपाई खिडकीजवळ उभा करू नका. व्हिसा संपलेला माणूस त्याला बघून मागच्या मागे निघून जातो आणि त्याचे संपर्क शोधायला महिना लागतो. नेपाळ-भूतानच्या नागरिकाला भारतात यायला व्हिसा लागतच नाही, तेव्हा ‘व्हिसा दाखव’ म्हणून त्याला अडवणं हा शुद्ध अडाणीपणा.

नाव आणि जन्मतारीख : इथेच सगळं घसरतं

एकाच रुग्णाचे दोन नावांनी दोन नमुने गेले की अहवाल जुळत नाहीत, आणि दुसऱ्याच्या निगेटिव्ह अहवालावर भलताच रुग्ण सुटतो. अरबी नावात स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि घराण्याचं अशी चार नावं असतात. एक कारकून पहिली दोन लिहितो, दुसरा पहिलं आणि शेवटचं. उपाय सोपा आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. त्यातलं नाव अक्षर न अक्षर उतरवा, सोबत पासपोर्ट क्रमांक. केसपेपर, नमुन्याची बाटली, मनगटाची पट्टी, सगळीकडे तेच.

नेपाळच्या नागरिकता प्रमाणपत्रावर तारीख विक्रम संवतातली असते. जन्मवर्ष २०५५ असेल तर संगणक म्हणतो हा माणूस अजून जन्मलाच नाही. कारकून मग अंदाजाने काहीतरी टाकतो. त्यातून ५७ वजा करा : १९९८. पौषाच्या मध्यापासून चैत्र संपेपर्यंतचा जन्म असेल तर ५६ वजा करा. अमेरिकेच्या कागदावर महिना आधी आणि तारीख नंतर असते, म्हणून महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहा.

दुभाषा म्हणून रूममेटला आत घेऊ नका. तो स्वतः संपर्कातला असतो, शिवाय मित्रासमोर रुग्ण बऱ्याच गोष्टी लपवतो. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाकडून अरबी-इंग्रजी बोलणारी दोन माणसं आधीच मागून ठेवा आणि काचेबाहेरून फोनवर बोलणं करा. संमतीपत्रावर दुभाष्याचं नाव आणि वेळ लिहा. हिंदी येतं म्हणून दुभाषा लागत नाही, असं धरू नका. बाजारात भाव करण्याइतकं हिंदी आणि लघवीला रक्त कधीपासून पडतंय हे सांगण्याइतकं हिंदी यांत फरक असतो.

खोली आणि कूलर

श्वासातून पसरणाऱ्या रोगाला तासाला १२ वेळा हवा बदलणारी, ऋण दाबाची (म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असलेली) खोली हवी. ती नसेल तर बाहेरच्या भिंतीला एक्झॉस्ट पंखा, दार बंद. मराठवाड्यातली हमखास चूक म्हणजे खिडकीत बसवलेला डेझर्ट कूलर. तो बाहेरची हवा आत ढकलतो, खोलीचा दाब वाढतो आणि रुग्णाच्या श्वासाची हवा दाराच्या फटीतून थेट कॉरिडॉरमध्ये, सिस्टरच्या टेबलापर्यंत जाते. कूलर कॉरिडॉरच्या टोकाला बसवा. हवा कॉरिडॉरमधून खोलीत आणि खोलीतून बाहेर जावी. तपासायला दाराच्या फटीशी अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक, बाहेर आला तर रुग्ण ठेवू नका.

मे महिन्यात पूर्ण पीपीईत एका तासाच्या वर कोणाला आत ठेवू नका. घामाने चष्मा धुरकटतो, हात चेहऱ्याकडे जातो. लागण होते ती बहुतेकदा किट घालताना नाही, काढताना; म्हणून काढणाऱ्यासमोर दुसऱ्याने उभं राहून एकेक पायरी मोठ्याने वाचावी, आणि मास्क सगळ्यांत शेवटी.

पाणी, खरी अडचण

खाटेवरून भांडण होतं, पण आधी संपतं ते पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे साध्या आंतररुग्णाला दिवसाला ४० ते ६० लिटर, श्वसनरोगाच्या विलगीकरणात १०० लिटर आणि इबोलासारख्या रक्तस्रावी तापाच्या केंद्रात ३०० ते ४०० लिटर लागतं. म्हणजे असे दहा रुग्ण असतील तर दिवसाला ४,००० लिटर, १२,००० लिटरचा टँकर तीन दिवस. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा हिशेब आधी करावा. परदेशी एखाद्याला नाकारून हे गणित सुटत नाही. टँकरचा करार आधी केला तर सुटतं.

क्लोरीनचं पाणी रोज सकाळी नवं करा. ५ टक्के हायपोक्लोराइट (क्लोरीनचं तयार द्रावण) असेल तर एक भाग त्यात नऊ भाग पाणी : ०.५ टक्के. ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला १७ ग्रॅम. उघड्या पोत्यातली, उन्हाळा खाल्लेली पावडर नुसता चुना असतो, वास न येणारी वापरू नका. रक्त-उलटी आधी कपड्याने टिपून मग क्लोरीन टाका आणि १० मिनिटं थांबा. घाणीवरच ओतलं तर क्लोरीन घाणीतच संपतं. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी वायू होतो, हे सफाईच्या मामा-मावशींना स्वतः दाखवून सांगा. माणसावर फवारणी कधीच नाही.

खाट कमी पडली तर

क्रम आजाराच्या तीव्रतेवर आणि उपचाराने वाचण्याच्या शक्यतेवर. नागरिकत्वाचा रकाना त्या यादीत ठेवूच नका; ठेवला की कोणीतरी तो वापरतो. यादी तीन जणांनी करावी, आणि त्यात त्या रुग्णाचा डॉक्टर नसावा. नगरसेवकाचा फोन आला तर यादीत वेळ आणि फोन करणाऱ्याचं नाव लिहितो म्हणून सांगावं. बहुतेक फोन तिथेच थांबतात.

कळवणं आणि पैसे

साथरोगांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला लगेच, फोनवर, मग रोगसर्वेक्षणाच्या पोर्टलवर. परदेशी नागरिक भरती झाल्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाकडे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यातही दवाखान्यावर ही जबाबदारी आहे. नमुना तीन आवरणांत, २ ते ८ अंशांत, जिल्ह्यामार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे. खासगी लॅबच्या पोराच्या मोटारसायकलवरून नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कागदपत्रांत परदेशी माणूस बसत नाही, त्यात वेळ घालवू नका. विद्यार्थ्याचा विमा विद्यापीठाला विचारा, पर्यटकाच्या पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर भरतीच्याच दिवशी फोन करा. उशिरा कळवलं म्हणून दावे फेटाळले जातात. डिपॉझिटसाठी उपचार थांबवायचे नाहीत.

मृत्यू झाला तर

वकिलातींविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार वकिलातीला विनाविलंब कळायला हवं. जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत कळवा आणि फोनची वेळ नोंदवा. बॉडी दोन गळती-रोधक पिशव्यांत. अशा साथीत ती मायदेशी पाठवत नाहीत, कारण विमानासाठी लागणारं एम्बामिंग (शव टिकवण्यासाठी आत रसायन भरणं) करणंच धोक्याचं. नातेवाइकांना धर्म विचारून दफन की दहन ते लेखी घ्या आणि विधी व्हिडिओवर दाखवा. पिशवी उघडायची नाही, एवढ्यावर ठाम राहा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, पासपोर्टवरच्याच नावाने.

बरा झाला तर

व्हिसा भरतीच्या काळात संपला असेल तर दाखल-सुटीच्या तारखांचं इंग्रजी पत्र त्याच दिवशी द्या. मुदतवाढीचा अर्ज त्यावर चालतो. निगेटिव्ह अहवालाची प्रत द्या. आणि सुटीच्या आदल्या दिवशी घरमालकाला किंवा वसतिगृहाच्या रेक्टरला डॉक्टरने स्वतः फोन करावा, नाहीतर बरा झालेला माणूस संध्याकाळी ट्रंक घेऊन परत कॅज्युअल्टीच्या पायरीवर येऊन बसतो.