मृगाआधी फवारणी पंपाची तयारी: बाटलीचा नंबर शेवटचा

नवतपा लागला की नागपूरकर कुलरच्या मागे लागतो. काटोल-कळमेश्वरकडच्या शेतघरात पडलेला पेट्रोलचा फवारणी पंप आठवतो तो थेट सोयाबीनवर अळी दिसल्यावर. मग दोरी ओढून ओढून खांदा धरतो आणि दुकानदार ॲडिटिव्हची, म्हणजे पेट्रोलात घालायच्या स्टॅबिलायझरसारख्या औषधाची, एक बाटली पुढे सरकवतो. बाटली वाईट नाही. पण ताज्या पेट्रोलला ताजं ठेवणं एवढंच स्टॅबिलायझरचं काम असतं. शिळं झालेलं पेट्रोल ती परत जिवंत करत नाही. म्हणून तयारी मेच्या शेवटी सुरू करा, सकाळी ऊन चढायच्या आत, मोकळ्या जागेत, आणि त्या वेळी बिडी-सिगारेट दूर ठेवा.

सगळ्यात आधी टाकीतलं जुनं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि जरा वेळ हलवू नका. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. बाटलीत खाली वेगळा थर दिसला तर समजा काम बिघडलं. टू-स्ट्रोक इंजिनात, म्हणजे ज्यात ऑइल पेट्रोलातच मिसळतात त्यात, हे जास्तच महागात पडतं: ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, इंजिन मात्र टाकीच्या तळाचं ओढतं, आणि पिस्टनला ऑइलच मिळत नाही. असं वेगळं झालेलं पेट्रोल कुठल्याही ॲडिटिव्हने पुन्हा एकजीव होत नाही, दुकानदार काहीही म्हणो. थर नसेल पण रंग गडद आणि वास वार्निशसारखा असेल, तरीही ते परत टाकीत नको. नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा.

मग कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. खालची वाटी उघडा. आत पिवळसर चिकट थर दिसला तर तो उडून गेलेल्या पेट्रोलचा डिंक आहे. पेट्रोल ज्यातून जातं त्या जेटचं भोक बारीक असतं, तेवढ्या डिंकाने चोक दिल्याशिवाय इंजिन चालतच नाही. इथे कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे कामाचा. टाकीत टाकायचं क्लीनर हलका थर हळूहळू काढतं, बुजलेलं जेट उघडेल या आशेवर राहू नका. जेटमध्ये तार खुपसू नका, भोक मोठं होतं. पेट्रोलची नळी दाबून पाहा; कडक झाली, भेगा पडल्या किंवा फुगली असेल तर इथेनॉल सोसणारी नवी घ्या. टाकीतली गाळणी, प्लग, एअर फिल्टर हे नेहमीचंच. फोमचा फिल्टर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

आता पेट्रोल. पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढंच आणा, आणि धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत बाळगता येतं, पण काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं १ लिटरपर्यंतचं आणि धातूचं २५ लिटरपर्यंतचं असावं लागतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला त्यात जागा नाही. कॅन काठोकाठ भरू नका. आपल्याकडच्या ४५ अंशांत ती फुगते.

टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचं प्रमाण पंपाच्या पुस्तिकेतलंच घ्या. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. झाकणाच्या अंदाजापेक्षा मेडिकलमधली मोठी सिरिंज बरी. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं असतं, ते पेट्रोलात मिसळायचं नाही.

आणि शेवटी ती बाटली. स्टॅबिलायझर घ्या, पेट्रोल आणल्याच दिवशी लेबलवरच्या मापाने घाला; दुप्पट घातल्याने दुप्पट टिकत नाही. मग इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल. ऑक्टेन बूस्टरवर पैसे घालवू नका. या इंजिनांना त्याची गरज नाही, आणि इथेनॉल स्वतःच ऑक्टेन वाढवतं. डांबराच्या गोळ्या टाकायची जुनी युक्ती तर विसराच बाप्पा: पेट्रोल उडालं की त्यांचे खडे होतात, नेमके जेटमध्ये. थिनर, रॉकेलही टाकीत नको.

फवारणी महिनाभरासाठी थांबणार असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. स्टॅबिलायझर घातलं असेल तर उलट, टाकी जवळजवळ भरून ठेवा, म्हणजे ओल धरायला आत हवाच कमी राहते. कॅनवर मार्करने तारीख आणि ‘ऑइल मिसळलेलं’ की ‘साधं’ ते लिहा. साधं उरलं तर ताजं असतानाच मोटरसायकलमध्ये टाकून संपवता येतं. ऑइलवालं तिच्यात चालत नाही.