दिवे बदलायचेत? आधी होल्डर बघा

यंदा गणपतीआधी चिपळूणच्या घरातले सगळे दिवे एलईडीचे करायचे ठरलंय, आणि काकूने ते काम माझ्या गळ्यात घातलंय. का, तर ‘तू पुण्याच्या घरात केलंस ना मागे!’ केलं खरं. कसं केलं ते तिला ठाऊक नाही. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी एका दमात १४ बल्ब घेऊन आलो. पाच बसलेच नाहीत, दोन बसले पण लुकलुकत राहिले, आणि एक ऐन लक्ष्मीपूजनात चर्र करून गेला. तेव्हा ही यादी काकूसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त आहे.

दुकानात जायच्या आधी वही घ्या आणि खोलीखोलीतून फिरा. नुसते दिवे मोजू नका, मी तेच केलं होतं. प्रत्येक बल्ब काढा आणि होल्डर बघा. आपल्याकडे बहुतेक जागी दोन खटक्यांचा पिन होल्डर असतो, खोक्यावर त्याला बी २२ लिहितात. पण आरशावरचा दिवा, व्हरांड्यातला काचेचा गोळा, टेबल लॅम्प यांना बऱ्याचदा आट्यांचा होल्डर असतो, तो ई २७. झुंबराला किंवा देवघरातल्या शोभेच्या दिव्याला त्याहून बारीक आट्यांचा, ई १४. एकातला बल्ब दुसऱ्यात जात नाही. काकांनी उजाला योजनेतले बल्ब महावितरणच्या काउंटरवरून आणले होते, त्यातले दोन अजून कपाटात पडून आहेत. बल्ब पिनचे आणि व्हरांड्यातला होल्डर आट्यांचा, दुसरं काय! मध्ये लावायचे कन्व्हर्टर मिळतात. मी लावले होते. बल्ब शेडच्या बाहेर दोन बोटं लोंबतो आणि आणखी एक ढिला सांधा वाढतो. नको.

होल्डर कुठला ते लिहिलं की काम संपलं असं समजू नका. मेन स्विच बंद करा, पुन्हा सांगतो, मेन स्विच, आणि सुक्या लाकडी पेन्सिलीने आतल्या दोन्ही पिना दाबून बघा. लगेच उसळून वर आल्या पाहिजेत. साठ वॅटच्या जुन्या बल्बने वर्षानुवर्षं तो होल्डर भाजलेला असतो. स्प्रिंगचा जीव जातो, बॅकेलाइट काळं पडून तडकतं, आणि कोकणात पावसाळ्यातल्या ओलीने पितळेवर हिरवट थर चढतो तो वेगळाच. जुना बल्ब अशा ढिल्या होल्डरमध्येही निमूट जळायचा. एलईडीच्या आत ड्रायव्हरचं, म्हणजे घरची वीज त्याला झेपेल अशी करून देणारं, सर्किट असतं, त्याला ही सततची ठिणगी सोसत नाही. बल्ब जातो आणि आपण कंपनीला शिव्या घालत बसतो. माझे लुकलुकणारे दोन बल्ब दुसऱ्या खोलीत नेऊन लावले तर छान चालले, तेव्हा कुठे ट्यूब पेटली! म्हणून काळा, तडकलेला, ढिला होल्डर दिसला की वहीत फुली मारा आणि बल्बाच्या यादीखाली होल्डरची यादी लिहा. छताला चिकटलेला तो बॅटन होल्डर, भिंतीवर तिरका तो अँगल होल्डर, वायरीला लोंबता तो पेंडंट. दुकानदार हेच शब्द विचारतो.

स्विच बंद केल्यावरही एखादा एलईडी मिणमिणत राहिला तर भूत नाही. एक तर स्विचवर छोटा इंडिकेटर आहे, नाही तर कुणीतरी स्विच करंट आणणाऱ्या फेजच्या वायरीऐवजी न्यूट्रलवर टाकलाय. दुसरं असेल तर वायरमनला बोलवा, कारण स्विच बंद असतानाही त्या होल्डरमध्ये करंट असतो. जुन्या घरात हे सर्रास सापडतं.

कुठून सुरुवात करायची ते तासांवर ठरवा. माळ्यावरचा बल्ब वर्षातून चारदा लागतो, तो राहू दे. देवघरातला झिरोचा बल्ब मात्र आधी काढा. नाव झिरो असलं तरी तो १२ ते १५ वॅट खातो. १५ धरा, चोवीस तास चालू, म्हणजे महिन्याला जवळपास ११ युनिट. स्वयंपाकघरातला ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर ९ युनिट होतात. म्हणजे ज्याला आपण हिशेबातच धरत नाही तोच जास्त खातोय. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी बसवला तर महिन्याला अर्धं युनिटही होत नाही. शिवाय महावितरणचा १०० युनिटांपर्यंत एक दर आणि १०१ पासून ३०० पर्यंत बराच चढा, त्यामुळे वाचलेली युनिटं आधी महागातली वाचतात.

वॅट बघून उजेड ठरवायची सवय सोडा. साठच्या जागी नऊ चालतो, शंभरच्या जागी १२ ते १४. खोक्यावर ल्युमेनचा, म्हणजे उजेडाचा, आकडा असतो. नऊ वॅटच्या दोन बल्बांत ज्याचा तो आकडा मोठा, तो घ्या. रंग: ६५०० केल्विन म्हणजे पांढराफटक, ३००० म्हणजे पिवळसर. मी सगळीकडे ६५०० लावला आणि आईने जेवायला बसताना विचारलं, ‘दवाखान्यात आलोय का?’ स्वयंपाकघर आणि अभ्यासाचं टेबल सोडून बाकी ठिकाणी पिवळसर. व्हरांड्यात तर नक्कीच, पिवळ्या उजेडावर किडे कमी येतात आणि त्यांच्यामागून येणाऱ्या पालीही.

चारही बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात मोठ्या वॅटचा बल्ब कोंबू नका. एलईडीची उष्णता मानेकडून बाहेर पडते, तिला वारा लागतो. कोंडली की आतला कपॅसिटर लवकर मरतो.

ट्यूबलाइटचं थोडक्यात. जुन्या पट्टीत एलईडी नळी बसवायची तर चोक आणि स्टार्टर काढून खोक्यावरच्या आकृतीप्रमाणे वायरिंग बदलावं लागतं. नळीला वीज एका टोकाने द्यायची की दोन्ही, ते कंपनीगणिक वेगळं. त्यापेक्षा पट्टीच काढा आणि २० वॅटचा एलईडी बॅटन, म्हणजे नळी आणि पट्टी एकत्रच असलेला दिवा, लावा. जुनी ४० ची नळी चोकसकट पन्नासच्या आसपास ओढते.

दुकानात: स्टार लेबल बघा, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, तिथल्या तिथे पेटवून घ्या. बिल मागा. वॉरंटी बिलावर मिळते, ‘तुमच्याकडूनच नेला होता’ यावर नाही. घरी आल्यावर बल्बाच्या मानेवर मार्करने तारीख लिहा. आणि वहीतली होल्डरची यादी खिशात आहे ना? ती घरी विसरलात तर माझ्या पंगतीत बसा.

बसवायच्या दिवशी उजेड असताना सुरू करा. मेन बंद. घोडा पक्का, धरायला एक माणूस. आधी होल्डर बदला, मग बल्ब. उलट कराल तर दोनदा चढाल.

उतरवलेले सीएफएल आणि नळ्या घंटागाडीत टाकू नका, त्यांत पारा असतो. ई-कचऱ्यात द्या. फुटली तर खिडक्या उघडा, झाडू न मारता ओल्या कागदाने टिपा. जुने पिवळे बल्ब कोरड्या कचऱ्यात, कागदात गुंडाळून.

जास्तीचं सामान घरात ठेवायला: एक पिनचा बल्ब, एक आट्यांचा, टेस्टर. आणि एक होल्डर.