ॲबोरिजिनल वस्तीत सेकंडमेंटवर निघालात? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या बँका, सल्लागार कंपन्या आणि सरकारी खाती आपली माणसं काही आठवड्यांसाठी, पगार चालू ठेवून, ॲबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांच्या संस्थांच्या मदतीला पाठवतात. यालाच सेकंडमेंट म्हणतात. 'जावुन' हा त्यातला सगळ्यांत परिचित कार्यक्रम. २००१ साली क्वीन्सलँडच्या केप यॉर्कमध्ये त्याची सुरुवात झाली आणि पुढे तो किंबर्ली, ईशान्य आर्नहेम लँड अशा भागांतही पोहोचला. निवड झाली की बहुतेक जण टोपी आणि माश्यांपासून वाचवणाऱ्या जाळीच्या खरेदीला लागतात. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी.

सगळ्यांत मोठा घोळ म्हणजे विमानातच उत्तर तयार करणं. पहिल्या आठवड्यात 'नवी रणनीती' मांडणाऱ्या पाहुण्यांची त्या संस्थेला सवय असते आणि त्यांचे अहवाल कपाटात पडलेले असतात. पहिलं काम म्हणजे ते अहवाल मागून घ्या आणि विचारा, यातलं काय वापरात आहे, काय नाही आणि का नाही. यातल्या बऱ्याच संस्था २००६ च्या खास केंद्रीय कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांची स्वतःची नियमावली असते आणि संचालकांत बहुमत ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळनिवासी) लोकांचं असावं लागतं. ती नियमावली न वाचता आपल्या कंपनीच्या कारभाराचा साचा तिथे लावायला जाणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. बैठकीत तुम्ही विचारता, "हे चालेल ना?" सगळे "हो" म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही. तो "हो" बऱ्याचदा पाहुण्याचा मान राखायला किंवा विषय संपवायला दिलेला असतो. म्हणून होकार-नकारात उत्तर येईल असे प्रश्नच टाळा. "हे काम सोमवारी कोण करेल, कसं करेल?" असं विचारा आणि मग गप्प बसा. शांतता लांबली तरी ती भरून काढायची घाई करू नका. समोरची व्यक्ती नजर मिळवत नसेल तर तो आदरही असू शकतो. तिचं लक्ष नाही असं धरून चालू नका. मोठा निर्णय असेल तर उत्तर त्याच दिवशी मागू नका, कारण ज्यांना विचारायचं ती वडीलधारी माणसं त्या खोलीत नसतातही.

ठरलेली बैठक अचानक रद्द झाली, कार्यालयाला कुलूप दिसलं, तर आधी चौकशी करा. वस्तीत कुणी गेलं असेल तर शोकविधी चालतात. त्यांना तिथे 'सॉरी बिझनेस' म्हणतात. ते काही दिवस चालतात, कधी काही आठवडे. या काळात कॅलेंडरवर नवी वेळ टाकून आठवणीचे ईमेल धाडू नका. पुन्हा कधी यायचं ते स्थानिक समन्वयकाला सांगू द्या. बऱ्याच समाजांत गेलेल्या व्यक्तीचं नाव घेत नाहीत, छायाचित्रही दाखवत नाहीत. तुमच्या सादरीकरणात ते असेल तर त्याचं काय करायचं हे कुटुंबाला समन्वयकामार्फत विचारा.

परवान्याचा विषय छोटा, पण अडवणारा. नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या जमीनहक्क कायद्यानुसार ॲबोरिजिनल जमिनीवर जायला सामान्यतः परवाना लागतो आणि तो संबंधित लँड कौन्सिल, म्हणजे त्या भागातल्या ॲबोरिजिनल जमिनींचा कारभार पाहणारी संस्था, देते. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातल्या एपीवाय लँड्स या ॲबोरिजिनल मालकीच्या प्रदेशासाठी तो वेगळा घ्यावा लागतो. कामासाठी मिळालेला परवाना शनिवार-रविवारच्या भटकंतीला चालेलच असं नाही. दारूचंही तेच: अनेक वस्त्यांत ती नेणं गुन्हा आहे. गाडीच्या डिकीत विसरलेली बाटलीसुद्धा चालत नाही. उत्तरेत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. कच्चे रस्ते बंद पडतात, तेव्हा परतीच्या तारखेत थोडी ढील ठेवा. आणि पाणी कितीही निवांत दिसलं तरी स्थानिकांना विचारल्याशिवाय त्यात उतरू नका. मगरी पाटी वाचत नाहीत.

फोटोंबद्दल एवढंच. मुलांसोबतचा सेल्फी आणि खाली "या अनुभवाने माझं आयुष्य बदललं" अशी लिंक्डइनवरची पोस्ट तिथली माणसंही वाचतात. परवानगी फोटो काढायला वेगळी आणि तो जगाला दाखवायला वेगळी घ्यावी लागते.

खरी कसोटी शेवटच्या दोन आठवड्यांत लागते. बहुतेक जण तेव्हाही नवं काहीतरी बांधत बसतात आणि जाताना एक देखणी एक्सेल फाइल ठेवून जातात. तिची सूत्रं त्यांच्याशिवाय कुणालाच कळत नाहीत. या काळात नवं काम घेऊ नका. संस्थेत आधीपासून जे सॉफ्टवेअर वापरतात त्यातच काम करा, मग ते तुम्हाला कितीही जुनाट वाटो. कीबोर्ड स्थानिक सहकाऱ्याच्या हाती द्या आणि तुम्ही शेजारी बसा. एक महिन्याचा हिशेब किंवा एक अनुदानाचा अर्ज तुमची मदत न घेता त्यांनी पूर्ण करून पाहू द्या. जिथे अडेल तेवढंच दुरुस्त करा. फाइली तुमच्या कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा ड्राइव्हवर राहिल्या, तर तुम्ही परतलात की त्या संस्थेसाठी गेल्यातच जमा. त्या संस्थेच्या खात्यात हलवा, पासवर्ड योग्य माणसाच्या हाती द्या. तुमच्यानंतर सेकंडमेंटवर येणाऱ्यासाठी पानभर टिपण ठेवा, त्यात काय अर्धवट राहिलं तेही लिहा. "मी फोनवर आहेच" असं सांगायचं असेल, तर तुमच्या वरिष्ठांकडून त्यासाठी दरमहा तासभर आधीच मंजूर करून घ्या, नाहीतर ते वाक्य बोलूच नका.