अडीच वर्षांची थोरली, चार महिन्यांचा धाकटा : घरातला दिवस कसा बसवावा

धाकटा चार महिन्यांचा झाला, त्या सुमारास थोरलीनं, आमच्या चिऊनं, पुन्हा चड्डीत शू करायला सुरुवात केली. सहा महिन्यांपूर्वीच सुटलेली सवय. मी एकदा रागावले, दुसऱ्यांदा रागावले, आणि तिसऱ्यांदा ती ओल्या चड्डीनं पाळण्याजवळ उभी राहून म्हणाली, "मला पण दुपट्यात गुंडाळ." तेव्हा कुठं मला कळलं की चूक तिची नाही, माझ्या दिवसाच्या मांडणीची आहे. दिवसभर मी तिला एकच शब्द ऐकवत होते : "थांब."

दोन लहान मुलं घरात असली की कुणीतरी थांबणारच. आई एक, हात दोन. पण प्रत्येक वेळी थोरल्यानंच थांबायचं असं नकळत ठरून जातं, कारण त्याला बोललेलं समजतं. खरं तर चार महिन्यांच्या बाळाला आपण दोन मिनिटं थांबलो हे लक्षात राहत नाही, अडीच वर्षांच्या मुलाला मात्र राहतं. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे. आमचं घर नाशिकला, दोन खोल्यांचं. नवरा सातपूरच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो, म्हणजे सकाळी साडेसहा ते दुपारी चारपर्यंत मी आणि मुलं. तुमच्याकडे सासूबाई किंवा आई असेल तर काम सोपं होईल, पण क्रम हाच ठेवून पाहा.

१. सकाळ रात्रीच मांडून ठेवा

झोपण्यापूर्वी दहा मिनिटं. कणीक मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरून डब्यात, दोघांचे कपडे खुर्चीवर, दुपट्यांची आणि लंगोटांची घडी पलंगाजवळ. पिण्याचं पाणी भरलेलं. एवढंच. बाकीचा पसारा राहू द्या.

२. उठल्यावरची पहिली पंधरा मिनिटं थोरल्याची

बाळ पहाटे पाजून पुन्हा झोपलेलं असतं, तेव्हाच थोरलं जागं होतं. याच वेळी झाडू घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. त्याला मांडीवर घ्या, केस विंचरा, दूध द्या, खिडकीतून कावळा दाखवा. ही पंधरा मिनिटं मिळाली की पुढचे दोन तास चिकटणं, ओढणं, बाळाला चिमटे काढणं खूप कमी होतं. मी ज्या दिवशी हे चुकवते त्या दिवशी दहा वाजेपर्यंत मला त्याची किंमत कळलेली असते.

३. पाजण्याची जागा कायमची ठरवा

दोन मुलांच्या घरात सगळ्यात अवघड वेळ आंघोळीची नाही, जेवणाची नाही, पाजण्याची. आई जागेला खिळलेली असते आणि थोरल्याला ते नेमकं कळतं. त्याच वेळी त्याला पाणी हवं असतं, शी लागते, खुर्चीवर चढायचं असतं.

म्हणून खाली जमिनीवर गादी टाका, भिंतीला पाठ टेकता येईल अशी. पलंगावर बसलात तर उठून धावावं लागतं. जमिनीवर बसलात तर थोरलं तुमच्या पायाशी येऊन बसू शकतं. दार आतून बंद करा, म्हणजे ते खोलीतच राहतं. गादीजवळ एक टोपली ठेवा. तिच्यात तुमच्यासाठी पाण्याचा तांब्या, कोरडी दुपटी. थोरल्यासाठी झाकणाचा पेला, थोडे कुरमुरे किंवा पोळीचा तुकडा, चित्रांचं एक पुस्तक आणि चार खेळणी. ही खेळणी फक्त पाजण्याच्या वेळी बाहेर काढायची, एरवी कपाटात. रोज हाताशी असलेल्या खेळण्याला किंमत राहत नाही.

पाजायला बसण्याआधी थोरल्याला शूला नेऊन आणा. बाळ रडत असेल तरी. आणि हे करताना बाळाला मोठ्यानं सांगा : "थांब हं सोन्या, आधी चिऊची शू, मग तुझं दूध." बाळासाठी हे बोलणं नाही, चिऊनं ते ऐकावं म्हणून आहे. आपल्यासाठी बाळालाही थांबावं लागतं हे तिच्या कानावर पडलं की तिचा चेहरा बदलतो. आमच्या घरात सगळ्यात जास्त फरक याच एका वाक्यानं पडला.

एक हात मोकळा असतो, त्या हातानं तिला जवळ घ्या. गोष्ट सांगा. मोबाईल हातात देऊ नका असं मी ठामपणे म्हणते. बालरोगतज्ज्ञ दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास असं सांगतात. बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पितं. प्रत्येक वेळी मोबाईल दिला तर तो तास सकाळीच संपतो.

बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नको, गुटी नको, मधाचं बोट नको. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नको, त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. थोरल्याला हेही सांगून ठेवावं लागतं, कारण प्रेमानं भरवायला तेच सगळ्यात पुढे असतं. आमच्याकडे बाळाच्या ओठाला बिस्कीट लावून झालेलं आहे. आता नियम असा : "बाळाला भरवायचं ते फक्त आईनं. तू त्याचे पाय चोळायचे." पाय तिचे, चेहरा आणि हात नाहीत. सर्दी-खोकला तिच्याकडूनच येतो, त्यामुळे बाहेरून आल्यावर साबणानं हात धुऊन मगच पाय.

४. आंघोळी : बादली रिकामी

आधी थोरल्याची उरका, मग बाळाची. बाळाच्या पाण्यात कोपर बुडवून पाहा, कोपराला कोमट लागलं तर बरोबर. बादलीत आधी गार पाणी, मग गरम ओता; उलट केलंत आणि मध्येच बाळ रडलं म्हणून वळलात, तर कढत पाण्याची बादली थोरल्याच्या हाताशी राहते.

काम झालं की बादली, टब, पिंप, सगळं रिकामं किंवा झाकलेलं, आणि न्हाणीघराला बाहेरून कडी. या वयाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. वाकून पाहताना तोल गेला की त्याला परत वर येता येत नाही आणि बुडायला वीतभर पाणीही पुरतं. आवाजसुद्धा होत नाही. पाणी सकाळी तासभरच येतं म्हणून आपण सगळं भरून ठेवतो, तेव्हा ही कडी विसरू नका.

धुरी देऊ नका, तो धूर दोघांच्या छातीला वाईट. कानात-नाकात तेल नको, डोळ्यांत काजळ नको. यावर घरात वाद होईल. पुढच्या लसीकरणाला जाताना सासूबाईंना सोबत न्या आणि डॉक्टरांनाच विचारायला सांगा.

५. स्वयंपाकात थोरल्याला काम द्या

कुकरमध्ये एकावर एक डबे : वरण, भात, एखादी फळभाजी. बाळ झोपलेलं असताना थोरल्याला ओट्यापासून लांब, जमिनीवर बसवा आणि खरं काम द्या. मेथीची पानं खुडणं, कणकेचा गोळा लाटणं, कांदे-बटाटे टोपल्यांत वेगळे करणं. भातुकलीपेक्षा आईच्या खऱ्या पोळपाटावर ते जास्त वेळ रमतं. वाटाणे, हरभरे, अख्खे शेंगदाणे मात्र हातात नकोत; नाकात जातात, घशात अडकतात. दाण्याचं कूट चालेल.

त्याचं जेवण साधं ठेवा. मऊ वरण-भात, तूप, भाजी कुस्करून, कधी नाचणीचं सत्त्व. नवं बाळ आलं की थोरलं जेवणावरून हट्ट करतं, भरव म्हणतं. चार घास भरवा. लाडावेल म्हणून घाबरू नका, ते मागतंय ते घास नाहीत.

६. दोघांची दुपारची झोप एकत्र आणा

याला आठवडा-दहा दिवस लागतात, पण एकदा बसलं की दिवसात श्वास घ्यायला जागा मिळते.

थोरलं साधारण एक वाजता झोपतं असं धरा. चार महिन्यांचं बाळ एका झोपेनंतर दीड-दोन तास जागं राहतं. म्हणजे बाळही एकला झोपायला हवं असेल, तर ते आधीच्या झोपेतून सव्वाअकराच्या आसपास उठलेलं हवं. उलटं मोजायचं, एवढंच गणित. बाळ रोज साडेबाराला उठत असेल तर सकाळची झोप पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे सरकवत या. एकदम तासभर सरकवायला गेलात तर दोघंही किरकिरतील.

साडेबाराला थोरल्याचं जेवण, पावणेएकला पडदे ओढून बाळाला पाजायला घ्या आणि थोरल्याला शेजारी झोपवा. एकच अंगाई दोघांना. कुणी आधी झोपेल, कुणी नंतर. काही दिवस तर एक झोपतं आणि दुसरं त्याला उठवतं. त्या दिवशी उठलेल्याला दुसऱ्या खोलीत न्या आणि उद्या पुन्हा.

दोघं झोपली की भांडी घासायला उठू नका. आधी वीस मिनिटं आडवं व्हा, घड्याळ लावून. उठल्यावर भांडी तिथंच असतात. बाळंतपणानंतरच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या मिळतात. मूल सांभाळताना त्याच सगळ्यात आधी विसरतात, त्या दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या नसतात, म्हणून मी लोहाची पाण्याच्या तांब्याजवळ आणि कॅल्शियमची मिठाच्या बरणीजवळ ठेवते.

७. दोघं एकदम रडू लागली तर

आधी कुणाला इजा झाली आहे का, ते पाहा. झाली नसेल तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, जमिनीवर बसा आणि थोरल्याला आधी मिठी मारा. थोरलं अर्ध्या मिनिटात शांत होऊ शकतं, बाळाला पाच मिनिटं लागतात. उलट क्रम लावलात तर दोघांचं रडणं पाच मिनिटं चालतं.

कधीकधी आपलाच तोल जातो. हात शिवशिवतात, आवाज चढतो. तेव्हा बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून, थोरल्याला डोळ्यांसमोर ठेवून, दाराशी उभं राहून पाणी प्या. बाळाला रागानं हलवू नका, गदागदा हलवल्यानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि उदास वाटणं, झोप न लागणं, मुलांजवळ जावंसं न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याच्या मदतीचा टेलिमानस क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथं मराठीत बोलता येतं. हे लिहिताना मला माझा दुसरा महिना आठवतो. मी फोन केला असता तर बरं झालं असतं.

८. नवरा घरी आला की बाळ त्याच्याकडे

बहुतेक घरांत उलटं होतं. बाबा थोरल्याला घेऊन खाली फिरायला जातात आणि आई बाळाला घेऊन आत बसते. दिवसभर ज्याला "थांब" ऐकावं लागलं, त्याच्या वाट्याला संध्याकाळीही आई येत नाही. आमच्याकडे चार वाजता पाजून झालं की बाळ बाबांच्या खांद्यावर जातं, आणि मी चिऊचा हात धरून अर्धा तास खाली. कुत्र्याला पोळी घालतो, दुकानातून कोथिंबीर आणतो. काहीही विशेष नाही. पण त्या आठवड्यापासून चड्डी कोरडी राहू लागली.

कातरवेळी बाळं फार किरकिरतात. त्या वेळेला रात्रीची कणीक-भाजी तयारच हवी. पाहुणे आले तर त्यांना दारातच सांगा, आधी थोरल्याशी बोला, मग बाळ पाहा. "आता तू मोठी झालीस ना" हे वाक्य पाहुण्यांनी टाळावं आणि आपणही. अडीच वर्षं म्हणजे मोठं नव्हे.

९. दवाखान्यात केव्हा

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप आला तर लगेच. त्यानंतरच्या वयातही बाळ दूध ओढत नसेल, लघवी नेहमीपेक्षा फार कमी होत असेल, छाती आत ओढली जात असेल तर वाट पाहू नका. झोपलेल्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा : दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं वयात ४० किंवा जास्त असतील तर दाखवायलाच हवं. रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डं एकाच पिशवीत, दाराच्या खिळ्याला.

१०. रात्रीची मांडणी

आम्ही सगळे खालीच झोपतो. बाळाची वेगळी, कडक, छोटी गादी, बाळ पाठीवर, उशी नाही, मोहरीचीही नाही, तोंडावर येईल अशी गोधडी नाही. मग मी, मग चिऊ, मग भिंतीकडे बाबा. थोरलं झोपेत लाथा मारतं, लोळतं, म्हणून दोन मुलांच्या मध्ये नेहमी मोठं माणूस. बाळ उठलं की दिवा लावू नका, पाजताना बोलू नका. थोरल्याला रात्र आणि दिवस कळतो, तो तसाच राहू द्या. उशाशी पाण्याचा तांब्या, दोन कोरडी दुपटी आणि चिऊची बाहुली. ती अंधारात बाहुली चाचपते, सापडली की पुन्हा झोपते.