जुनं वॉशिंग मशीन घ्यायचंय? आधी कान देऊन ऐका

माझं पहिलं जुनं मशीन मी दिसण्यावर घेतलं. पांढरंशुभ्र, एक ओरखडा नाही, दाराची काच लख्ख. विकणारे म्हणाले, आत्ता नळाला पाणी नाहीये, पण मशीन एकदम व्यवस्थित आहे. मी बटण दाबून दिवे लागतात एवढं पाहिलं आणि पैसे दिले. घरी आणून कपडे लावले, धुताना सगळं ठीक होतं. पिळायला लागलं तशी घरघर सुरू झाली आणि वाढत वाढत इतकी झाली की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईना. बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो तो भाग, गेलेलं होतं. वर त्या मशीनची टाकी, म्हणजे ड्रमच्या बाहेरचं पाणी धरणारं भांडं, दोन भागांत उघडणारी नव्हती, कारखान्यातूनच अखंड जोडून आलेली होती. म्हणजे एका बेअरिंगसाठी अख्खी टाकी बदला. दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीच्या पुढे गेला.

त्यानंतर घरासाठी आणि नात्यातल्यांसाठी मिळून मी पाच जुनी मशीनं निवडली. पाचही वेळा एकच गोष्ट धरून ठेवली: पाणी भरून, कपडे घालून, पिळण्यापर्यंत चाललेलं स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. नळाला पाणी नसेल तर पाणी असेल त्या दिवशी जायचं.

निम्मं काम फोनवरच होतं. मशीन किती वर्षांचं आहे आणि का विकताय, हे विचारा. घर बदलतोय, मोठं मशीन घेतलंय, ही कारणं पटण्यासारखी असतात. "वापरच होत नव्हता" असं म्हणाले तर किती महिने बंद आहे तेही विचारा. बरेच महिने बंद राहिलेल्या मशीनचे रबराचे भाग कडक होतात आणि पाणी उपसणारा पंप अडकून बसतो. मशीन नळाला आणि विजेला जोडलेलं आहे ना, याची खात्री करून घ्या. शेवटी स्टिकरचा फोटो मागवा. तो मागच्या बाजूला किंवा दाराच्या कडेला असतो. त्यावर मॉडेल नंबर असतो, बऱ्याचदा बनवल्याची तारीखही. हा नंबर घेऊन तुमच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला तीन प्रश्न विचारा: याचे पार्ट मिळतात का, टाकी उघडते की अखंड आहे, आणि मोटर पट्ट्यावर चालते की थेट ड्रमला जोडलेली आहे. या एका फोनने माझ्या दोन फेऱ्या वाचल्या आहेत.

कोणता प्रकार घ्यावा, यावर माझं मत स्पष्ट आहे. सेमी ऑटोमॅटिकची रचना साधी, दुरुस्ती स्वस्त आणि दोष उघड दिसतात, त्यामुळे जुन्यात सगळ्यात कमी जोखीम त्यात. वरून उघडणारं पूर्ण ऑटोमॅटिक मधलं. समोरून उघडणारं कमी पाण्यात छान धुतं, पण बेअरिंग, दाराचं रबर, हीटर अशी बिघडायची ठिकाणंही त्यातच जास्त. त्यामुळे समोरून उघडणारं सहा-सात वर्षांच्या पुढचं असेल आणि टाकी अखंड असेल, तर मी बघायलाही जात नाही.

जाताना पिशवीत टॉर्च, टेस्टर, मोजपट्टी, एक वर्तमानपत्र आणि तीन जाड टॉवेल असतात. टॉवेल का, तर रिकामा ड्रम कितीही जोरात फिरला तरी दोष झाकला जातो, ओल्या कपड्यांचं वजन पडलं की तो बोलायला लागतो. एकच मोठी चादर मात्र नेऊ नका. तिचा गोळा होऊन तोल जातो आणि चांगलं मशीनसुद्धा पिळायला नकार देतं.

वीज लावण्याआधी हाताने तपासायचं. समोरून उघडणाऱ्या मशीनचं दार उघडा, ड्रमची वरची कड आतून धरा आणि वर-खाली हलवा. ड्रम आणि त्याच्या बाहेरची टाकी दोन्ही एकत्र हलली तर ते बरोबर आहे, कारण टाकी स्प्रिंगवर टांगलेली असते. पण टाकी जागेवर आणि आतला ड्रमच खटखट हलतोय असं असेल, तर बेअरिंग झिजलंय किंवा ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा सांगाडा खराब झालाय. तो सांगाडा बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, साबणाच्या पाण्याने वर्षानुवर्षं खात जातो आणि एक दिवस तुटतो. बाहेरून तो दिसत नाही, या हलण्यातूनच कळतो.

आता ड्रम हाताने सावकाश फिरवा आणि कान मशीनच्या अंगाला लावा. आजूबाजूच्यांना क्षणभर गप्प बसायला सांगा, संकोच करू नका. चांगल्या बेअरिंगचा आवाज जवळजवळ नसतोच, हलकी सळसळ तेवढी येते. खराब झालेलं बेअरिंग वाळूवर पाटा ओढल्यासारखं खरखरतं आणि ती खरखर बोटांनाही लागते. एक गोष्ट लक्षात ठेवा: मोटर थेट ड्रमला जोडलेली असेल तर फिरवताना बारीक बारीक टप्पे जाणवतात. ते मोटरमधल्या चुंबकांमुळे, त्याला घाबरून चांगलं मशीन सोडू नका.

मग टाकी वरून दाबून सोडा. एकदा उसळून शांत झाली तर झटके शोषणारे दांडे ठीक आहेत. तीन-चारदा झुलत राहिली तर पिळताना मशीन जागा सोडून चालायला लागणार. वरून उघडणाऱ्या मशीनलाही हीच परीक्षा लावा, टाकीच्या चारही बाजू एकेक करून दाबा.

दाराच्या रबराला जास्त वेळ द्या. खालच्या बाजूला त्याची एक दुमड असते, ती बोटांनी पूर्ण उलटी करा आणि टॉर्च मारा. माझ्या वहिनीसाठी बघितलेल्या एका मशीनमध्ये या दुमडीत केसांची पिन, एक नाणं आणि ओल्या धाग्यांचा बोटभर गाळ निघाला. तो पुसला तेव्हा खाली नखाएवढी चीर दिसली, पिनेनेच पडली असणार. वरून रबर अगदी स्वच्छ पुसलेलं होतं. काळे ठिपके बुरशीचे असतात, थोडे असतील तर चालतात, मात्र ते पूर्ण कधी जात नाहीत. चीर असेल तर नव्या रबराचा आणि मजुरीचा खर्च किमतीतून वजा करा. मशीनला कुबट वास येत असेल तर गाळ या दुमडीपुरता नाही, ड्रमच्या बाहेरच्या अंगालाही साचलाय.

मागचं झाकण उघडू दिलं तर टाकीच्या मधोमध बघा. तिथून खाली गंजाचा तपकिरी ओघळ आला असेल तर पाणी अडवणारं रबरी सील ओलांडून ते बेअरिंगपर्यंत पोचलंय. आवाज आज नसला तरी काही महिन्यांत येईल. मी हा ओघळ दिसला की आभार मानून निघते. तळाशीही टॉर्च मारा, पत्रा गंजलाय का, वायरी उंदरांनी कुरतडल्यात का ते बघा. पुढे खाली पंपाची जाळी असेल तर टॉवेल अंथरून ती उघडायला सांगा. झाकण हलतच नसेल तर ती कित्येक वर्षं कोणी साफ केलेली नाही.

आता चालवायचं. मशीनखाली वर्तमानपत्र सरकवा, कागदावर एक थेंब पडला तरी कळतो. प्लग लावल्यावर पत्र्याला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर दोष मशीनमध्ये आहे की घराच्या अर्थिंगमध्ये, हे कळेपर्यंत हात लावू नका. टॉवेल भिजवून आत टाका. हीटर असेल तर ६० अंशांचा प्रोग्रॅम लावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी दाराच्या काचेला हात लावा. पडद्यावर ६० दिसतंय म्हणजे पाणी तापलंच असं नसतं, काच गरम लागली पाहिजे. ड्रम दोन्ही दिशांना फिरतो का ते बघा. आत पाणी येताना नुसतीच घूं घूं होत असेल आणि धार बारीक असेल, तर नळाचा दाब कमी आहे किंवा पाइपच्या तोंडाची जाळी तुंबली आहे. ही जाळी दोन मिनिटांत साफ होते, तेवढ्यावरून मशीन नाकारू नका.

पूर्ण प्रोग्रॅम थांबायला वेळ नसेल तर काच तपासून झाल्यावर तो रद्द करा आणि फक्त पाणी उपसून पिळण्याचा लावा. हा भाग मात्र चुकवू नका. पाणी जोरात बाहेर पडलं पाहिजे. पिळताना सुरुवातीला मशीन थोडं डगमगतं, कपडे पसरवून घेतं, मग वेग धरतं. वेग चढताना आवाज चढत जाणारा पण एकसंध हवा. मध्येच विमानाची घरघर सुरू झाली तर तेच बेअरिंग. टिक टिक टिक आली तर ड्रम आणि टाकीच्या मध्ये नाणं किंवा ब्राची तार अडकली असेल, ती निघते. जळका वास आला तर पट्टा घसरतोय किंवा मोटरचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे झिजणारे तुकडे, संपत आलेत. कार्बन बदलणं किरकोळ काम आहे, मोटर बदलणं नाही. म्हणून वास कशाचा, हे दुरुस्तीवाल्याकडून नक्की करा, मग किंमत बोला. थांबल्यावर टॉवेल हातात घेऊन पिळा, पाणी ठिबकलं तर पिळणी नीट झालेली नाही. पडद्यावर बिघाडाचा कोड आला तर फोटो काढून ठेवा.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये स्पिनरकडे बघा. पूर्ण वेगात असताना झाकण उघडलं की त्याने काही सेकंदांत थांबायला हवं. नाही थांबला तर ब्रेक गेलाय, आणि घरात लहान मूल असेल तर हा दोष दुरुस्त करून घेतल्याशिवाय मशीन आणूच नका.

किंमत ठरवताना मी आधी लागणाऱ्या दुरुस्तीचा आकडा विचारून घेते आणि तो धरून एकूण रक्कम नव्याच्या निम्म्याच्या आत बसते का बघते. नाही बसली तर नवं घेणं परवडतं.

आणताना समोरून उघडणाऱ्या मशीनच्या मागे ड्रम जखडून ठेवणारे बोल्ट लागतात. जुन्या मालकाने ते जपून ठेवलेत का विचारा. नसतील तर टाकी आणि बाहेरच्या पत्र्याच्या मध्ये फोम किंवा जाड कापड घट्ट बसवा आणि मशीन उभंच न्या. आत काँक्रीटची वजनं असतात, त्यामुळे ते साठ-सत्तर किलोपर्यंत जातं, उचलायला दोन माणसं हवीतच. नेहमीच्या आकाराचं समोरून उघडणारं मशीन ६० सेंटीमीटर रुंद आणि ८५ सेंटीमीटर उंच असतं. निघण्याआधी घरातली जागा मोजताना मागच्या पाइपांसाठी आणखी दहा सेंटीमीटर धरा.

घरी आल्यावर बोल्ट काढायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच पिळणीला मशीन स्वतःला मोडून घेईल. पाण्याचा पाइप आणि त्याचा वॉशर नवा घाला. चारही पाय समतल करून त्यांचे नट आवळा. सांडपाण्याच्या पाइपचं तोंड जमिनीलगत सोडू नका, नाहीतर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं. पहिली फेरी कपडे न घालता, जितकं गरम होतं तितक्या पाण्यात लावा, आणि ती संपली की पंपाची जाळी परत उघडून बघा. जुन्या घरातलं काहीबाही त्यात हमखास सापडतं.