अल्बिनो बेडकांचे प्रजनन: व्यंगाचा दोष रंगाला देण्यापूर्वी या चुका टाळा

मत्स्यालयाच्या दुकानांत ‘अल्बिनो फ्रॉग’ म्हणून मिळणारा, फिकट पिवळसर अंगाचा आणि लाल डोळ्यांचा बेडूक बहुतेक वेळा आफ्रिकन क्लॉड फ्रॉग असतो. त्याचे शास्त्रीय नाव झेनोपस लेविस. हा मूळचा दक्षिण आफ्रिकेकडचा आणि आयुष्यभर पाण्यातच राहणारा प्राणी आहे. 1930 च्या दशकात गर्भधारणेच्या चाचणीसाठी त्याचा वापर सुरू झाला, त्यामुळे तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला आणि पुढे हौशी पाळणाऱ्यांच्या टाक्यांतही आला. त्याची पैदास करणाऱ्यांकडून एक वाक्य नेहमी ऐकू येते: “अल्बिनोच तो, पिले वाकडीतिकडी निघायचीच.” हे वाक्य चुकीचे आहे. अल्बिनो जनुकामुळे मेलॅनिन हे काळे रंजकद्रव्य तयार होत नाही. त्या जनुकाने पाठीचा कणा वाकत नाही, पायही आखूड होत नाहीत. व्यंग येते ते बहुधा जोडी लावण्याच्या पद्धतीमुळे किंवा पाण्यामुळे, आणि पुष्कळदा जे व्यंग वाटते ते मुळात व्यंगच नसते.

व्यंग नसलेल्याला व्यंग समजणे

झेनोपसचा टॅडपोल, म्हणजे बेडकाचे शेपटीचे पिलू, आपल्या ओढ्यातल्या टॅडपोलसारखा दिसत नाही. तो डोके खाली आणि शेपूट वर अशा तिरक्या अवस्थेत पाण्याच्या मधोमध तरंगतो, आणि शेपटीचे बारीक टोक सतत थरथरत असते. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मिशांसारखे लांब धागे निघालेले असतात. अल्बिनो पिलाचे अंग पारदर्शक असल्यामुळे हृदयाची धडधड आणि वेटोळे घातलेले आतडेही बाहेरून दिसते. यांतले काहीही विकृत नाही. मागचे पाय आधी बाहेर येतात आणि पुढचे पाय बरेच दिवस कातडीखालीच वाढत राहतात. “याला पुढचे पायच नाहीत” असे ठरवून पिलू बाजूला काढण्यापूर्वी टाकीमागे दिवा धरून पाहावे, कातडीखालचे पाय स्पष्ट दिसतात.

दुसरा गोंधळ चावण्याने होतो. एका टाकीत लहानमोठी पिले एकत्र ठेवली की बेडूक झालेली मोठी पिले धाकट्यांचे पाय तोडतात. कोवळ्या टॅडपोलचा तुटलेला पाय पुन्हा पूर्ण वाढू शकतो, परंतु रूपांतर झालेल्या बेडकाला त्या जागी बोटे नसलेला, काट्यासारखा निमुळता खुंट उगवतो. तो पाहून वंशात दोष असल्याचा निष्कर्ष काढणे म्हणजे भांडणाचा राग आईबापांवर काढणे होय. असा खुंट एकाच पायाला असेल आणि इतर पिले धडधाकट असतील, तर आधी पिलांची आकारानुसार विभागणी करावी.

अंड्याच्या रंगावरून पिलांचा रंग ठरवणे

ही चूक अनुभवी लोकही करतात. अंड्यातला काळा रंग पिलाचा नसतो, तो आईने अंड्यात भरलेला असतो. म्हणून अल्बिनो मादीची अंडी नेहमी पांढुरकी दिसतात, मग नर कोणताही असो. उलट रंगीत मादीच्या अंड्यांचा वरचा अर्धा भाग काळपट तपकिरी असतो, जरी त्यांतून निघणारी निम्मी पिले अल्बिनो असणार असली तरीही. पांढरी अंडी पाहून सगळी अल्बिनो पिले मिळणार असे गृहीत धरले, आणि नर रंगीत असल्याने सगळी पिले गडद निघाली, की माणूस नराला किंवा दुकानदाराला दोष देतो.

अल्बिनो जनुक अप्रभावी आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून त्याची प्रत आली तरच पिलू अल्बिनो होते; एकच प्रत असलेला बेडूक रंगीत दिसतो, त्याला वाहक म्हणतात. दोन रंगीत वाहकांच्या जोडीतून सरासरी एक चतुर्थांश पिले अल्बिनो निघतात, आणि वाहक व अल्बिनो यांच्या जोडीतून निम्मी. त्यातही या बेडकाच्या सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या अल्बिनो वाणात लहानपणी डोळ्यांत आणि अंगावर थोडे मेलॅनिन तात्पुरते दिसते आणि रूपांतर होईपर्यंत नाहीसे होते. म्हणून डोळे काळसर दिसले म्हणून टॅडपोलची वर्गवारी करून टाकू नये. अंतिम मोजणी शेपूट जिरल्यानंतरच करावी. वाढ पूर्ण झाल्यावरही डोळे काळेच राहिले, तर तो पांढरा बेडूक अल्बिनो नसून वेगळ्या जनुकाचा आहे, आणि त्याची अल्बिनोशी जोडी लावल्यास सगळी पिले रंगीत निघू शकतात.

भावंडांची जोडी लावणे

खरे आनुवंशिक दुखणे येथून सुरू होते. दुर्मीळ रंगाची जनावरे थोडी असतात, म्हणून एकाच घोळक्यातून नर आणि मादी घेतली जाते, आणि ती बहुधा सख्खी भावंडे असतात. सख्ख्या भावंडांच्या पिलांचा अंतःप्रजनन गुणांक 0.25 असतो, त्याच पिलांतून पुन्हा भावंडांची जोडी लावल्यास तो 0.375 होतो आणि तिसऱ्या पिढीत 0.5. याचा अर्थ असा की, मूळ जनावरांमध्ये निरनिराळ्या असलेल्या जनुकजोड्यांपैकी निम्म्या जोड्यांच्या दोन्ही प्रती आता एकाच पूर्वजाकडून आलेल्या आहेत, आणि त्यांत जे सदोष जनुक इतके दिवस झाकलेले होते, ते उघडे पडते. रंग तोच राहतो, पण अंडी कमी फळतात, पिले खुरटतात, कणा वाकतो. दोष अल्बिनो असण्याचा नाही. अल्बिनो टिकवण्यासाठी लावलेल्या जोड्यांचा आहे.

आणि मग सर्वांत महागात पडणारी चूक होते: वाकडी पिले काढून टाकायची आणि त्यांची सुदृढ भावंडे पुढच्या पैदाशीसाठी ठेवायची. दोन वाहकांच्या जोडीतून आलेल्या निर्दोष दिसणाऱ्या पिलांपैकी दोन तृतीयांश त्या दोषाची वाहक असतात. डोळ्यांना दिसणारा दोष काढला, पण दोषाचे जनुक टाकीतच राहिले. अशी जोडीच मोडली पाहिजे, आणि तिची सुदृढ पिले पाळण्यासाठी द्यावीत, पैदाशीसाठी नव्हे.

रक्त बदलायचे असेल तर अल्बिनो नराची जोडी बाहेरच्या रंगीत मादीशी आणि त्याच्या अल्बिनो बहिणीची जोडी दुसऱ्याच घरच्या रंगीत नराशी लावावी. दोन्हींची पिले रंगीतच निघतील, आणि येथे बहुतेकांचा धीर सुटतो. परंतु या दोन घरांची पिले एकमेकांशी जोडली की पुढच्या पिढीत चौथा हिस्सा अल्बिनो मिळतो, आणि अंतःप्रजनन गुणांक 0.25 वरून 0.0625 वर येतो, कारण ती जोडी भावंडांची नसून आतेमामे भावंडांची असते. मादी वयात यायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून हे काम दोनतीन वर्षांचे आहे. ज्यांना तेवढा काळ थांबायचे नाही, त्यांनी पैदास न करणेच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचा दोष वंशाच्या माथी मारणे

या बेडकाला 18 ते 22 अंश सेल्सिअस पाणी मानवते. नागपूर किंवा जळगावला एप्रिलमध्ये टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते, आणि त्या पाण्यात वाढणाऱ्या भ्रूणांच्या शेपट्या व कणे वाकतात. अंडी घेण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ठेवावा. पाण्यावर लावलेला पंखा विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी चांगले थंड करतो, मुंबईच्या दमट हवेत मात्र त्याचा उपयोग फारच थोडा होतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन दिवसभर हवा सोडून ठेवल्यास उडून जातो, क्लोरीन व अमोनिया यांचे संयुग असलेले क्लोरामाइन उडत नाही. त्यासाठी अँटी-क्लोरीनचे थेंब लागतात. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या टँकरच्या पाण्याबाबत अधिक सावध राहावे. तांब्याच्या हंड्यात साठवलेले पाणी माणसांनी खुशाल प्यावे, टॅडपोलला ते विषारी आहे. शुद्ध म्हणून नुसते आरओचे पाणी वापरणेही चुकीचे, कारण त्यात क्षारच उरत नाहीत.

पोट फुग्यासारखे फुगलेला, उलटा होऊन पृष्ठभागाला लागलेला टॅडपोल दिसला, तर आनुवंशिकतेचा विचार करण्याआधी अमोनिया मोजावा. टॅडपोल पाणी गाळून खातात. स्पिरुलिना या शैवालाच्या पुडीने पाण्याला हलकी हिरवी झाक यावी आणि काही तासांत पाणी पुन्हा निवळावे, एवढेच खाद्य पुरे. पाणी दुसऱ्या दिवशीही हिरवे राहिले, तर खाद्य जास्त झाले. रूपांतरानंतर नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर वाढवलेल्या पिलांची हाडे कॅल्शियमअभावी मऊ पडून वाकतात. हा दोष जन्मानंतर काही महिन्यांनी दिसतो, तोपर्यंत पिलू सरळ असते, आणि हीच त्याची खूण आहे. गांडूळ हे या वयातले चांगले अन्न आहे.

तपासणी न करता निर्णय घेणे

झेनोपसच्या भ्रूणांवर रसायनांची विषारता तपासणारी 96 तासांची एक प्रमाणित चाचणी आहे; तिच्यात स्वच्छ पाण्यातल्या तुलनागटातही 10 टक्क्यांपर्यंत विकृत भ्रूण चालतात. म्हणजे शंभरांत चारपाच वाकडी पिले निघाली, तर तो वंशाच्या दोषाचा पुरावा नाही.

शंका असेल तर एकाच जोडीची अंडी दोन टाक्यांत, दोन वेगळ्या ठिकाणच्या पाण्यात वाढवावीत, आणि त्यांपैकी एका टाकीच्या पाण्यात शेजारी नात्याबाहेरच्या रंगीत जोडीचीही अंडी ठेवावीत. परक्या जोडीची पिलेही वाकडी निघाली, तर दोष पाण्याचा. मादी तीच ठेवून नर बदलला तरी वाकडी पिले येत राहिली, तर संशय अंड्यांच्या प्रतीवर घ्यावा: मादी उपाशी, थकलेली किंवा हार्मोनच्या इंजेक्शनाने वारंवार अंडी घातलेली असू शकते, आणि पिकून फार वेळ पोटात राहिलेली अंडीही बिघडतात. दोन्ही टाक्यांत, दर खेपेस, एकाच जोडीची सुमारे चौथा हिस्सा पिले एकाच प्रकारे वाकडी निघत असतील, तर मात्र अप्रभावी दोष मानावा. ही मोजणी अंडी फुटल्यापासून करावी, कारण विकृत पिले आधी मरतात आणि उरलेल्यांची मोजणी खोटा दिलासा देते. या बेडकात अनेक जनुकांचे दोन दोन संच असतात, म्हणून काही दोष दोन्ही संच सदोष असतील तेव्हाच, म्हणजे चौथ्या हिश्श्याऐवजी सोळाव्या हिश्श्यातच दिसतात. थोडी पिले मोजून वंश निर्दोष ठरवू नये.

वाहक व अल्बिनो अशा जोडीत दोन्ही रंगांची पिले मिळतात, त्यामुळे रंगावरच्या आरोपाचा निवाडाही करता येतो. व्यंग दोन्ही रंगांत सारखेच असेल, तर रंगाचा संबंध संपला. ते केवळ अल्बिनोंतच दिसले, तर सदोष जनुक अल्बिनो जनुकाच्या जवळ त्याच गुणसूत्रावर असण्याची शक्यता आहे, आणि मग तो वाण सोडून वेगळ्या घरचा अल्बिनो आणावा.

व्यंग असलेली पिले

शेपूट किंचित वाकलेले पिलू खात असेल आणि सरळ पोहत असेल, तर त्याला जगू द्यावे, फक्त त्याची पैदास करू नये. सतत गोल गोल फिरणारे, तळाशी पडून राहणारे, तोंड न उघडणारे पिलू वेदनेत ठेवण्यात अर्थ नाही. त्याला पशुवैद्याकडून भूल देऊन शांतपणे मरण द्यावे. जिवंत प्राणी फ्रीझरमध्ये ठेवणे किंवा संडासात सोडणे क्रूर आहे.

नाल्यात किंवा तळ्यात यांतले एकही पिलू सोडू नये, सुदृढ असले तरी. चिली, कॅलिफोर्निया आणि फ्रान्समध्ये सुटलेल्या या बेडकांनी वसाहती केल्या आहेत, आणि स्वतः आजारी न दिसता ते इतर बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी वाहून नेऊ शकतात. टाकीचे बदललेले पाणीही म्हणून थेट ओढ्यात ओतू नये. उलट दिशेनेही हाच नियम पाळावा: पावसाळ्यात डबक्यात पांढरा टॅडपोल दिसला, तर तो पैदाशीसाठी घरी आणू नये. आपल्याकडच्या मोठ्या बेडकाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि टॅडपोल पाहून जात ओळखणे जाणकारांनाही कठीण जाते.

पिले विकताना किंवा देताना आईबाप कोण, त्यांचे नाते काय आणि कोणत्या खेपेत कोणते व्यंग दिसले, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. घेणाऱ्याने ही चिठ्ठी मागावी, आणि ती मिळाली नाही तर एकाच टाकीतून नर व मादी दोन्ही घेऊ नयेत.